बारा काळांचे कूळ

तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा. सातारा-सांगलीकडच्या मराठी शाळांत इंग्रजीचा ‘टेन्स’ फळ्यावर उतरतो तो असा तक्ता होऊन. तो इतका घोकलेला असतो की इंग्रजी भाषेबरोबरच जन्मला असावा असे वाटते. त्याचे मूळ शोधू लागलो की मात्र आपण लॅटिनच्या दारात पोचतो.

इंग्रजी क्रियापद स्वतःचे रूप बदलून दोनच काळ दाखवते: ‘वॉक’ आणि ‘वॉक्ड’. भविष्यासाठी त्याला ‘विल’ किंवा ‘शॅल’ची मदत घ्यावी लागते. पण युरोपात शतकानुशतके व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण, आणि लॅटिनचे काळ सहा. यॉर्कला स्थायिक झालेल्या लिंडली मरे यांनी १७९५ साली इंग्रजीचे व्याकरण छापले, त्यातही काळ सहाच मांडले. या सहांची ‘चालू’ रूपे वेगळी धरली की बारा होतात.

हे वळण मराठीत आले दादोबा पांडुरंग तर्खडकरांबरोबर. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्यापुढे मरेचा नमुना होता. संस्कृतातले दहा लकार, म्हणजे क्रियापदाचे काळ आणि अर्थ दाखवणारे दहा प्रकार, मराठीने जसेच्या तसे घेतले नव्हते. तिची स्वतःची वाटणी प्रत्ययांवरून होते: ‘जातो’ हा ताख्यात, ‘गेला’ हा लाख्यात. शाळेतल्या साध्या, अपूर्ण आणि पूर्ण काळांवर मात्र इंग्रजी व्याकरणाची छाप आहे.

या परंपरेत साताऱ्याचा माणूसही आहे. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर सुधारक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत; पण १८८८ मध्ये त्यांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. इंग्रजी शाळांतली वाक्य उलगडण्याची रीत त्यांनी मराठीला लावून पाहिली. शब्द वाक्यात काय काम करतो यावरून तो ओळखायचा, ही त्यातली मोलाची गोष्ट. आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे एक संस्थापक, तिनेच १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढले. त्याच वर्षी कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर राहिलेल्या घरांतल्या मुलांपर्यंत शिक्षण गेले. त्याबरोबर इंग्रजीचा तक्ताही गेला.

तक्ता पाठ असूनही मूल अडखळते, कारण दोन्ही भाषांत रकान्यांची नावे सारखी असली तरी कामे सारखी नाहीत. ‘मी कालच आलोय’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य. ‘आलोय’ म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, म्हणून मूल ‘आय हॅव कम यस्टर्डे’ लिहिते आणि चुकते. इंग्रजीत या काळाशेजारी ‘काल’ बसत नाही, तिथे ‘केम’च हवे. ‘पाच वर्षं साताऱ्यात राहतोय’ यातल्या ‘राहतोय’ला मूल ‘ॲम लिव्हिंग’ करते, इंग्रजी ‘हॅव बीन लिव्हिंग’ मागते. आणि आईने हाक मारल्यावर जागचे न हलता ‘आलो, आलो!’ म्हणणारा मुलगा भूतकाळाचे रूप चक्क भविष्यासाठी वापरत असतो.

‘गो’चे ‘वेंट’ कसे, हाही नेहमीचा प्रश्न. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप. ते ‘गो’च्या घरात येऊन राहिले. आपल्याकडेही ‘जातो’ आला ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आला ‘गम्‌’वरून. असे जोडलेले क्रियापद आपले मूल शाळेत यायच्या आधीपासून बिनचूक बोलते.

म्हणून गुरुजींनी तक्त्याआधी वरची तीन मराठी वाक्ये फळ्यावर लिहावीत. गोष्ट कधीची, ती संपली की चालू आहे, आत्ताशी तिचा संबंध काय, हे मुलांना विचारावे. उत्तरे मुलांजवळ असतात. ती मिळाली की मगच इंग्रजी रूप शोधावे. टेंभूच्या आगरकरांनी वाक्य वाचायची दाखवलेली वाट हीच आहे, आणि इंग्रजी शिकण्यासाठी आजही तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.