उंदराच्या पोटात

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती. तेथे उंदीर मरून पडत होते. परंतु सरकारचे लक्ष माणसांवर खिळले होते. घरे कार्बोलिकने धुतली गेली, बिछाने जाळले गेले, धडधाकट माणसांची छावण्यांत रवानगी झाली. उंदीर मात्र वखारीतून घरात आणि घरातून शेजारी निर्वेधपणे हिंडत राहिला.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्रयोगाने दाखविले, की आजारी उंदराचा रोग दुसऱ्याकडे नेते ती पिसू. त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत तेच कसून तपासले. बारीक जाळीआड ठेवलेले प्राणी वाचले. पिसवा पोहोचल्या, तेथे मेले. तोवर देशात लाखो माणसे दगावली होती.

प्लेग ओसरला, तशी उंदराविषयीची जिज्ञासाही ओसरली. वास्तविक उंदराची पिसू आणखी एक ओझे वाहते. उंदराच्या लेंडीतून पडलेली पट्टकृमीची अंडी पिसूच्या अळ्या आणि पिठातले किडे खातात. असा किडा कच्च्या पिठाबरोबर मुलाच्या तोंडी गेला, की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. हा त्रास बहुधा सौम्य आणि औषधाने बरा होणारा असतो.

दुसरा कृमी अधिक घातक. चीनमधील कँटनच्या उंदरांत तो प्रथम सापडला. तो उंदराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत राहतो. त्याच्या अळ्या लेंडीवाटे गोगलगायींत जातात. अर्धकच्ची गोगलगाय किंवा न धुतलेला पाला खाणाऱ्या माणसाच्या मेंदूपर्यंत त्या पोहोचू शकतात आणि मेंदूच्या आवरणाला दाह होतो. १९८० नंतरच्या दशकात मुंबईतील उंदीर-घुशींमध्येही या कृमीचा अभ्यास झाला.

मी सरकारी नोकर आहे. आकड्यांचा मोह मला ठाऊक आहे. मारलेल्या उंदरांची संख्या वहीत शोभून दिसते. पण काशीची गल्ली असो वा गिरगावची चाळ, उघडे पीठ आणि साचलेला कचरा असेपर्यंत मेलेल्याची जागा दुसरा घेणारच. म्हणून मोजावयाचे ते उंदीर नव्हेत, तर त्यांना आपण घातलेले अन्न. आणि मेलेला उंदीर दिसलाच, तर तो कशाने मेला हेही विचारावे. मांडवीत तो प्रश्न वेळीच गांभीर्याने विचारला गेला नव्हता.