आल्सासमधील सक्तीच्या सैनिकांची स्मारके : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना :

युद्धस्मारके सामान्यतः 'देशासाठी प्राणार्पण' या भावनेवर उभी असतात. परंतु ज्यांना बळजबरीने शत्रूच्या सैन्यात लढावे लागले, त्यांच्या स्मारकावर कोणते शब्द कोरावेत, हा प्रश्न फ्रान्सच्या आल्सास प्रांताला दोन महायुद्धांनी विचारला.

स्ट्रासबर्गचे स्मारक :

१८७१ मध्ये आल्सास जर्मन साम्राज्यात गेला. त्यामुळे पहिल्या महायुद्धात आल्सास-लोरेनमधील सुमारे ३,८०,००० पुरुष जर्मन सैन्यात होते. १९१८ नंतर प्रांत फ्रान्सकडे परतला. पण मृतांना 'फ्रान्ससाठी हुतात्मा' म्हणणे शक्य नव्हते. १९३६ मध्ये स्ट्रासबर्ग येथे शिल्पकार लेऑं-एर्न्स्त द्रिव्हिए यांचे स्मारक उभे राहिले. त्यात एक माता दोन मरणोन्मुख पुत्रांना सावरते. पुत्रांच्या अंगावर गणवेश नाही; लेखातही केवळ 'आमच्या मृतांस' एवढेच शब्द असून देशाचे नाव नाही.

दुसऱ्या महायुद्धातील सक्तीची भरती :

१९४० मध्ये जर्मनीने हा प्रदेश पुन्हा गिळंकृत केला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये आल्सास व मोझेलमध्ये सक्तीची लष्करी सेवा लागू केली. भरती चुकविणाऱ्यांच्या कुटुंबीयांना हद्दपार केले जाई. सुमारे १,३०,००० तरुण या भरतीत ओढले गेले. बहुतेकांची रवानगी पूर्व आघाडीवर झाली. अनेकजण सोव्हिएत रशियातील तांबोव्ह येथील युद्धकैदी छावणीत राहिले. ३०,००० हून अधिक परतले नाहीत. हे तरुण 'मालग्रे-नू', म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध', या नावाने ओळखले जातात.

ओरादूरचा प्रश्न :

१० जून १९४४ रोजी 'वाफेन एसएस'च्या तुकडीने मध्य फ्रान्समधील ओरादूर-सूर-ग्लान या गावी ६४३ जणांची हत्या केली. १९५३ मध्ये बोर्दो येथील खटल्यात सक्तीने भरती झालेले १३ आल्सासवासी दोषी ठरले. आल्सासमध्ये तीव्र निषेध झाला. स्ट्रासबर्गचे स्मारक काळ्या कापडाने झाकले गेले. फेब्रुवारी १९५३ मध्ये फ्रेंच संसदेने माफीचा कायदा केला. तेव्हा ओरादूरने शासनाचे सन्मान परत केले, शासनाने बांधलेले स्मृतिगृह नाकारले आणि माफीच्या बाजूने मत देणाऱ्या लोकप्रतिनिधींची नावे गावाच्या प्रवेशद्वारी लावली. एका प्रांताचे दुःख दुसऱ्या गावाला अन्याय वाटले. दोन्ही ठिकाणी स्मारक हेच निषेधाचे साधन ठरले.

समारोप :

२००५ मध्ये शिर्मेक येथे आल्सास-मोझेल स्मारक खुले झाले. तेथे १८७० पासूनचा प्रांताचा इतिहास मांडला आहे. म्हणजेच गौरवाची जागा स्पष्टीकरणाने घेतली आहे. सक्तीने भरती झालेला तरुण बळी असतो. पण त्याच्या हातून घडलेल्या कृत्याचे बळी त्याहून वेगळे असतात. त्याच्या स्मारकाने पहिले सत्य सांगताना दुसरे झाकू नये. या दृष्टीने स्ट्रासबर्गच्या शिल्पाचे मौन अर्थपूर्ण ठरते. ते मृतांचा शोक करते; मात्र त्यांच्या मृत्यूला त्यांनी न निवडलेले ध्येय चिकटवत नाही.