११३ वर्षं हरवलेला पिंगळा आणि शार्प फोटोची किंमत

कॅमेऱ्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. डीएसएलआर घेतला, ७०-३०० ची झूम लेन्सही घेतली, तरी फोटो शार्प का येत नाहीत? आज या प्रश्नाकडे जरा इतिहासाच्या बाजूने बघूया. त्यासाठी जायचंय नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या जंगलात. फोटोत बारीकसारीक गोष्टी स्पष्ट दिसल्या की नाही, यावर एखादा पक्षी जगाच्या यादीत जिवंत ठरतो की नाही, हे इथेच घडलंय.

पिंगळा तुम्हाला माहीत असेलच. गावातल्या जुन्या चिंचेच्या ढोलीत राहणारं ते छोटं घुबड. डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके, म्हणून ठिपकेवाला पिंगळा. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. कुणी वनपिंगळा म्हणतात. लांबून बघितलं तर दोघं सारखेच. पण रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं असतं, छातीवर गडद तपकिरी रंग असतो, शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि पायांवर दाट पांढरी पिसं असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडच्या भागात हा पक्षी मिळाला आणि १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्यांच्याच नावावरून त्याचं शास्त्रीय नामकरण केलं. हो, काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच ह्यूम. तेव्हा पुरावा म्हणजे मारून पेंढा भरलेला पक्षी. रानपिंगळ्याचे असे फक्त सात नमुने जगभरातल्या संग्रहालयांत पोहोचले. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, तळोदा-शहादा भागात गोळा केले होते. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी गायब.

मधे एक घोळ झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याने दावा केला की १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीला त्याला रानपिंगळा मिळाला. नमुना होता, चिठ्ठी होती, तारीख होती. मग कोण शंका घेणार? पण पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. निघालं काय, तर तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी! संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा पेंढा भरून नवी चिठ्ठी लावलेला. म्हणजे हातात धरता येणारा पुरावासुद्धा खोटा निघू शकतो.

फोटोचीही तीच गत. १९६८ मध्ये नागपूर भागातला रानपिंगळा म्हणून एक फोटो पुढे आला होता. नंतर तपासणीत तो ठिपकेवाला पिंगळा ठरला. १९७० च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनीही शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असंच बहुतेकांना वाटू लागलं.

आता येऊ १९९७ मध्ये. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. मांडवीचा दावा खोटा आहे हे कळलेलं असल्यामुळे त्यांनी खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या. आधी पूर्वेकडे शोधलं, काही मिळालं नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.

पण नुसतं "आम्ही पाहिला" म्हणून कोण ऐकणार? इतक्या घोळांनंतर तर नाहीच. त्यांनी पक्षी मारला नाही. व्हिडिओ घेतला, फोटो काढले. बिनठिपक्यांचं डोकं, छातीचा गडद रंग, पांढरे पाय, हे सगळं त्यात दिसत होतं म्हणून जगाने मान्य केलं. १८८४ मध्ये जे काम बंदुकीने केलं, ते १९९७ मध्ये लेन्सने केलं. शार्प फोटोची खरी किंमत ही आहे बघा. जी खूण पटवायची आहे, ती त्यात दिसली पाहिजे.

मग ती खूण हरवते कशी? पहिलं कारण हाताचं हलणं. लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंप फोटोत मोठा दिसतो. म्हणून फिल्मच्या काळापासून एक सोपा नियम आहे. लेन्स ३०० मिलिमीटरवर असेल, तर शटर सेकंदाच्या ३०० व्या भागापेक्षा हळू नको. बहुतेक स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे तिथे ५०० वा भाग धरा. त्यातून पक्षी हलत असेल तर अजून वेगवान.

दुसरं कारण ॲपर्चर. साधी झूम लेन्स पूर्ण ताणली आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, की चित्र थोडं मऊ येतं. एफ/५.६ वरून एफ/८ वर आणलं की बऱ्याचदा पिसं मोजता येतील इतका फरक पडतो. पण मग प्रकाश कमी पडतो, म्हणून आयएसओ वाढवायचा. इथेच डिजिटलने मोठा बदल केला. फिल्ममध्ये ३६ फोटोंचा अख्खा रोल एकाच आयएसओचा, आणि फोटो कसा आला ते रोल धुतल्यावर कळायचं. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेलचा आणि सामान्य माणसाला न परवडणारा. २००३ च्या कॅननच्या ३००डी पासून डीएसएलआर हौशी लोकांच्या हातात येऊ लागला. आता प्रत्येक फोटोला आयएसओ वेगळा ठेवता येतो आणि स्क्रीनवर मोठा करून लगेच तपासता येतो. १९९५ मध्ये कॅननने कंप सावरणारी ७५-३०० झूम आणली, तीही मोठी सोय. फक्त ती तुमचा हात सावरते, पक्ष्याची मान नाही.

तिसरं, फोकस. सगळे फोकस पॉइंट चालू ठेवले की कॅमेरा पुढची फांदी पकडतो. एकच पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. चौथं, हवा. खानदेशातल्या एप्रिल-मे च्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते. त्या वेळी लाखाची लेन्ससुद्धा हात टेकते. सकाळी लवकर जा. रानपिंगळा दिवसाही वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे सकाळचा प्रकाश वाया जात नाही. तिवई नसेल तर दगडावर धान्याची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवा. तेही पुरतं.

आणि मोबाइलवाल्यांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी. फोनचा डिजिटल झूम चित्र कापून मोठं करतो आणि हल्लीची सॉफ्टवेअरं हरवलेला तपशील अंदाजाने भरतात. फोटो दिसतो चकचकीत. पण डोक्यावरचे ठिपके पक्ष्याचे की सॉफ्टवेअरचे? जिथे दोन पक्ष्यांमधला फरकच ठिपक्यांचा, तिथे असा फोटो माइनर्ट्झहागनच्या चिठ्ठीसारखाच. मूळ फाइल जपून ठेवा.

१९९७ नंतर तोरणमाळ, मेळघाट इथे रानपिंगळ्याचा अभ्यास झाला. २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' मधून 'संकटग्रस्त' गटात आणलं गेलं. बातमी चांगली आहे, पण त्याची जुनी सागाची जंगलं आजही तुटतायत, शेतीखाली जातायत.

म्हणून शेवटचं सांगतो. झूम लेन्स लांब राहण्यासाठी असते. पिसं अजून स्पष्ट यावीत म्हणून घरट्याच्या ढोलीपाशी जायचं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं, वर जागेचं लोकेशन टाकून मोकळं व्हायचं, हे करू नका. ११३ वर्षांनी सापडलेला पक्षी आपल्या एका फोटोपायी घरटं सोडून गेला, तर तो फोटो कितीही शार्प असून काय उपयोग?

तुमच्याकडे पिंगळ्याचा फोटो असेल, तर आज तो मोठा करून डोकं नीट बघा. ठिपके दिसतायत का, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!