विनोबांचं ग्रामदान आणि जॉर्जियाची जमीन

फ्लोरिडाला जाता-येता आय-७५ च्या पश्चिमेला ऑल्बनी नावाचं शहर आहे, एवढंच मला इतकी वर्षं जॉर्जियात राहून ठाऊक होतं. त्याच्या शेजारच्या ली काउंटीत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९६९ साली एक प्रयोग मांडला. त्याचं एक मूळ थेट आपल्या विनोबांपर्यंत पोचतं हे वाचलं, आणि मी या विषयाच्या मागेच लागलो.

त्या काळी दक्षिणेत दुसऱ्याची शेती वाट्याने कसणाऱ्या काळ्या कुटुंबाने मतदारयादीत नाव नोंदवलं, की मळ्याचा मालक त्याला घराबाहेर काढी. घर त्याचं, जमीनही त्याचीच! मताचा हक्क टिकवायचा तर पायाखाली स्वतःची जमीन हवी, हे चार्ल्स आणि शर्ली शेरॉड, स्लेटर किंग यांनी ओळखलं.

ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांचीही निसटत होती. मृत्युपत्र नसल्याने ती सगळ्या वारसांच्या नावावर सामाईक राही. मग एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा बाहेरचा माणूस विकत घेई आणि कोर्टामार्फत सगळी जमीन लिलावात काढायला लावी. (गावाकडच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असलेल्या मंडळींनी हे जरा सावकाश वाचावं.) १९२० साली अमेरिकेत ९,२५,००० कृष्णवर्णीय शेतकरी होते, १९९७ मध्ये उरले सुमारे १८,५००.

१९५१ साली पोचमपल्लीत सुरू झालेल्या भूदानात जमीन एकेकाला मिळे. पुढे ग्रामदान आलं. त्यात मालकी गावाची आणि कसण्याचा हक्क कुटुंबाचा. ही कल्पना बॉब स्वान या अमेरिकन शांततावाद्याला भावली. १९६८ मध्ये तो, किंग आणि शेरॉड यांच्यासह काही जण इस्राएलमधली भाडेपट्ट्याची शेती पाहून आले. त्यातून ‘न्यू कम्युनिटीज’ उभी राहिली. सुमारे ५,७०० एकर जमीन, मालकी विश्वस्त संस्थेची. भुईमूग, मका, सोयाबीन अशी पिकं निघू लागली.

मग दुष्काळ आला. तो काय असतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. सरकारी शेतीकर्ज गोऱ्या शेजाऱ्यांना मिळत होतं. यांना मात्र तीन वर्षं हेलपाटे. १९८५ साली जमीन गेली.

मला इथेच खरी मेख वाटते. मालकी सामाईक केल्याने भाऊबंदकीतून जमीन वाचते, पण कर्ज देणाऱ्याच्या मर्जीतून नाही. आपल्याकडेही कितीतरी ग्रामदानं कागदावरच राहिली.

पुढे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषिखात्यावर भेदभावाचा दावा लावला आणि १९९९ मध्ये तडजोड झाली. तिच्यातून न्यू कम्युनिटीजला २००९ साली सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. २०११ मध्ये त्यांनी ऑल्बनीजवळ १,६०० एकरांचा जुना मळा घेतला. तो एकेकाळी एका गुलाममालकाचा होता! चार्ल्स शेरॉड २०२२ साली वारले. त्या मळ्यावर आता पिकानची झाडं आहेत, आणि जमीन संस्थेच्याच नावावर आहे.