विहिरीतला पाव आणि वेदीवरची भाकर

उत्तर कोकणातील ख्रिस्ती कुटुंबांत असे घर विरळाच, जिथे विहिरीतल्या पावाची गोष्ट कोणी ऐकलेली नाही. पोर्तुगीज पाद्र्याने रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी बायाबापड्यांनी ते पाणी भरले आणि पाणी प्यालेले सारे गाव बाटले, अशी ती गोष्ट. ती वसईत सांगतात तशीच गोव्यातही सांगतात. गाव बदलते, विहीर बदलते, पाव तेवढा कायम राहतो. 'पाववाले' हे आम्हांला चिकटलेले नावही याच गोष्टीच्या कुळातले. आमच्या पूर्वजांच्या श्रद्धेचा उगम एका भिजक्या तुकड्यात शोधणाऱ्या या कथेला इतिहासात कितपत आधार आहे, हे ठरवायचे तर आधी तो पाव काय होता हे पाहिले पाहिजे.

शब्द पोर्तुगीज आहे, याविषयी शंका नाही. लॅटिन 'पानिस'पासून पोर्तुगीज 'पांव' आणि त्यापासून आमचा पाव. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती निव्वळ कुचेष्टेची आहे. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली, तेव्हा या किनाऱ्यावर खाणे होते ते भाताचे. भातखाचरांच्या या प्रदेशात गहू बाहेरून, मुख्यत्वे गुजरातेच्या बंदरांतून आणावा लागे. त्यामुळे पांढरा पाव हे सुरुवातीला अधिकाऱ्यांचे, मठांचे आणि इस्पितळांचे अन्न होते. बारीक वस्त्राने चाळलेल्या पिठाचा पाव श्रीमंताचा आणि कोंड्यासकट पिठाचा गरिबाचा, हा युरोपातला भेदही त्याच्याबरोबर आला. गोव्यातील कोंड्याची पोई अजून त्याची आठवण देते. गंमत अशी, की आजचे डॉक्टर पोईच खावी असे सांगतात.

खरी अडचण आंबवणाची होती. युरोपातले पाव भाजणारे मागल्या दिवसाच्या कणकेचा गोळा राखून ठेवीत किंवा बिअरवरचा फेस वापरीत. कोकणात हाताशी होती ती ताडामाडाची ताडी, जिला गोव्यात सूर म्हणतात. झाडावरून उतरवलेला ताजा रस गोड असतो. हवेतील आणि मडक्यातील सूक्ष्म किण्वामुळे तो काही तासांतच फसफसू लागतो. अशी ताडी पिठात घातली, की तेच किण्व पिठातील साखरेवर जगते आणि वायू सोडते. मळून मळून पिठाला जो चिवटपणा आलेला असतो, तो त्या वायूला धरून ठेवतो आणि गोळा फुगतो. तांदळाच्या पिठात हा चिवटपणा नसतो, म्हणून तांदळाचा पाव होत नाही, सांदणे होते. ताडीचे काम सावकाश चाले. संध्याकाळी मळलेले पीठ रात्रभर राही, पहाटे लाकडांनी तापवलेल्या भट्टीतील निखारे आणि राख बाजूला सारून गोळे आत सरकवले जात. पावाला किंचित आंबूस वास येई, तो याच रात्रीचा.

म्हणजे लिस्बनहून आली ती रीत आणि ते नाव. पीठ फुगवणारी ताडी मात्र इथल्या माडाची, आणि ती उतरवणारा हातही इथल्याच भंडाऱ्याचा. गोव्याच्या साष्टी तालुक्यातील माजोर्डा गावी जेझुइटांनी ही विद्या प्रथम शिकवली, अशी तिकडची परंपरा सांगते. पुढे गोव्याचे पोदेर मुंबईला गेले, आणि पाव सर्वांचा झाला. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांत ताडीने आंबवून तळलेले फुगे लग्नाच्या पानात आले, ते याच आंबवणाच्या आधाराने.

आता विहिरीकडे वळू. ज्या समाजात परक्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याला हा पाव दुहेरी अशुद्ध वाटला. तो परक्याने भाजलेला होता आणि ताडीने आंबवलेला होता. पण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे पाणी पिऊन वा पाव खाऊन कोणी ख्रिस्ती होत नाही. त्यासाठी स्नानसंस्काराचे जल, त्रैक्याच्या नामाचा उच्चार आणि प्रौढाच्या बाबतीत त्याची स्वतःची इच्छा लागते. तेव्हा त्या कथेतील गाव बाटले असे ठरवणारा पाद्री नव्हता, ठरवणारे शेजारी होते. गोष्ट धर्मांतराची म्हणून सांगतात, ती वास्तविक वाळीत टाकण्याची आहे.

एवढे म्हणून आपली सुटका करून घेणे मात्र प्रामाणिक होणार नाही. धर्मांतराच्या इतिहासात बळजोरी नव्हती, असे आम्ही म्हणू शकत नाही. पोरकी हिंदू मुले ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात देण्याचा हुकूम १५५९ साली निघाला. देवळे पाडली गेली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि मधला अल्प खंड सोडल्यास १८१२ पर्यंत टिकले. त्याच न्यायासनाने १७३६ साली जो जाहीरनामा काढला, त्यात ख्रिस्ती घरांत बिनमिठाचा भात शिजवण्यासही मनाई होती, कारण ती हिंदूंची रीत. अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे हे सर्व आज कोणालाही वाचता येते. म्हणजे एका बाजूला पावावरून माणूस बाटत होता, तर दुसऱ्या बाजूला अळणी भातावरून तो पाखंडी ठरत होता. दोन्ही बाजूंचे न्यायाधीश स्वयंपाकघरातच श्रद्धा शोधीत होते. या दोहोंच्या मध्ये ज्यांनी श्रद्धा मनापासून धरली, आणि वसईचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी घेतल्यावरही सोडली नाही, त्यांचा हिशेब कोणत्याच गोष्टीत येत नाही.

आणखी एक गैरसमज आहे. विहिरीत पडला तो पाव आणि वेदीवर अर्पण होते ती भाकर एकच, असे ऐकणाऱ्याला वाटते. लॅटिन रीतीच्या ख्रिस्तसभेत वेदीवरची भाकर बेखमीर असते. केवळ गव्हाचे पीठ आणि पाणी कालवून ते पातळ मिश्रण तापलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये भाजतात. आमच्या स्वयंपाकघरात तिचा जवळचा नातेवाईक शोधायचा, तर तो पाव नव्हे, घावन होय. पूर्वेकडील बहुतेक मंडळ्या खमिराची भाकर वापरतात. या भेदावरून १०५४ च्या फुटीच्या वेळी मोठे कटू वाद झाले. दोन्ही प्रकारच्या गव्हाच्या भाकरीत संस्कार यथार्थ होतो, असे १४३९ साली फ्लॉरेन्सच्या महासभेने मान्य केले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही लॅटिन याजकाला बेखमीर भाकरीचाच नियम आहे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी पाव हा शब्द टाळून 'भाकर' स्वीकारला, हे आम्हांला फार योग्य वाटते.

ताडीचा पाव मात्र मागे पडला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ताडी संशयाच्या छायेत गेली, आणि कारखान्यातील यीस्ट सोयीचे होते. १९६५ साली सरकारी मॉडर्न बेकरीज निघाली, तिचा कापलेला पांढरा ब्रेड शहरांतील घरोघरी पोहोचला. ती कंपनी २००० साली हिंदुस्तान लिव्हरला विकली गेली. गोव्यातही आता बहुतेक पोदेर यीस्टच वापरतात.

घरी पाव भाजू पाहणाऱ्या भगिनींसाठी प्रमाण देतो. अर्धा किलो मैदा, दीड चहाचा चमचा मीठ, मोठा चमचाभर साखर, ७ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि सुमारे ३०० मिलिलिटर कोमट पाणी. पाणी कढत असेल तर यीस्ट मरते. दहा मिनिटे मन लावून मळावे, गोळा दुप्पट होईपर्यंत, साधारण तासभर, झाकून ठेवावा. मग हलकेच दाबून आकार द्यावा आणि पुन्हा पाऊण तास फुगू द्यावा. २०० अंशांवर अर्धा तास लागतो. ताजी, न भेसळलेली ताडी मिळालीच, तर पाणी व यीस्ट यांच्या जागी ती घालावी आणि एका तासाऐवजी रात्रभर थांबावे. पाव काढल्यावर उलटा करून तळाशी बोटाने वाजवावा. पोकळ आवाज आला, म्हणजे आतून भाजला गेला आहे.