काळजीवाहकांचा आपत्कालीन विसावा : ब्रिटनमधील एका सामाजिक हक्काचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

घरातील वृद्ध, अपंग अथवा दीर्घकाळ आजारी व्यक्तीची शुश्रूषा करणे हा कौटुंबिक कर्तव्याचा भाग मानण्याची प्रथा बहुतेक समाजांत आढळते. कर्तव्य म्हटले की त्याची मोजदाद होत नाही. त्यास वेतन नसते आणि सुट्टीही नसते. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या श्रमाला सार्वजनिक प्रश्नाचे स्वरूप प्राप्त झाले. विनावेतन शुश्रूषा करणाऱ्या आप्तेष्टांसाठी 'केअरर' म्हणजेच काळजीवाहक ही संज्ञा तेथे रूढ झाली. त्यांच्यासाठी करसवलत, भत्ता, गरजांचे मूल्यमापन आणि विसावा अशा सोयी क्रमाक्रमाने निर्माण झाल्या. मात्र एका प्रश्नाकडे शासनाचे लक्ष फार उशिरा गेले. काळजीवाहकच अकस्मात आजारी पडला, त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ त्या रात्री कोणी थांबावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आलेल्या 'आपत्कालीन विसावा' या व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ब्रिटनमधील काळजीवाहक चळवळीच्या विकासाचे टप्पे पाहणे.
२. नियोजित विसावा आणि आपत्कालीन विसावा यांतील भेद स्पष्ट करणे.
३. आपत्कालीन विसाव्यास मान्यता मिळण्यास विलंब का झाला, याची कारणमीमांसा करणे.

अनामिक श्रमाला मिळालेले नाव

या चळवळीचा प्रारंभ रेव्हरंड मेरी वेबस्टर यांच्यापासून मानला जातो. त्यांनी १९५४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, आजारी आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी धर्मोपदेशकाचे काम सोडले. आपल्यासारख्या असंख्य अविवाहित स्त्रिया नोकरी, उत्पन्न आणि निवृत्तिवेतन गमावून घरात अडकून पडल्या आहेत, याची जाणीव त्यांनी १९६३ मध्ये वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रांतून समाजाला करून दिली. या पत्रांना मोठा प्रतिसाद मिळाला आणि १९६५ मध्ये अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. आश्रित नातेवाइकांबाबतच्या आयकर सवलतीत १९६७ मध्ये झालेली सुधारणा हे या चळवळीचे पहिले यश समजले जाते. वेबस्टर यांचे १९६९ मध्ये निधन झाले.

या परिषदेची दृष्टी अविवाहित मुलींपुरती मर्यादित होती. पतीची, पत्नीची किंवा अपंग अपत्याची शुश्रूषा करणारे तिच्या कक्षेबाहेर राहिले. ही उणीव १९८१ मध्ये ज्युडिथ ऑलिव्हर यांनी स्थापन केलेल्या 'असोसिएशन ऑफ केअरर्स' या संघटनेने भरून काढली. नाते कोणतेही असो, शुश्रूषा करणारी प्रत्येक व्यक्ती काळजीवाहक होय, अशी या संघटनेची भूमिका होती. १९८८ मध्ये दोन्ही प्रवाह एकत्र आले. त्यातून उभी राहिलेली संस्था २००१ पासून 'केअरर्स यूके' या नावाने ओळखली जाते.

विसाव्याचा पहिला प्रयोग

घरपोच विसाव्याचा आरंभ एका दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने झाला. एटीव्ही या कंपनीच्या 'क्रॉसरोड्स' या लोकप्रिय मालिकेतील एक तरुण पात्र अपघातानंतर चाकांच्या खुर्चीला खिळते. या कथानकासाठी रग्बी येथील नोएल क्रेन या अपंग तरुणाचा सल्ला घेण्यात आला. त्याची शुश्रूषा त्याची आई करीत असे. अशा कुटुंबांवरील खरा भार कोणावर पडतो, हे त्याच्या अनुभवातून निर्मात्यांच्या लक्षात आले. कंपनीने १०,००० पौंडांचे अनुदान दिले आणि १९७४ मध्ये रग्बी येथे पहिली 'क्रॉसरोड्स' योजना सुरू झाली.

या योजनेचे तत्त्व साधे होते. प्रशिक्षित मदतनीस घरी येई आणि कुटुंबातील काळजीवाहक जे जे करतो ते सर्व करी. रुग्णाला अनोळखी संस्थेत हलवावे लागत नसे. काळजीवाहकाला काही तास बाहेर पडता येई. तथापि, हा विसावा पूर्वनियोजित होता. अमुक वारी, अमुक वेळी मदतनीस येणार हे आधीच ठरलेले असे. संकट मात्र वार पाहून येत नाही. नियोजित विसावा थकवा कमी करतो, तर आपत्कालीन विसावा शुश्रूषेतील खंड टाळतो. हा भेद पुढील तीन दशके धोरणात पुरेसा स्पष्ट झाला नाही.

भत्त्याचा प्रश्न आणि विवाहित स्त्रिया

१९७६ मध्ये काळजीवाहकांसाठी भत्ता सुरू झाला. आठवड्यातून किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला तो मिळत असे. मात्र विवाहित स्त्रियांना त्यातून वगळण्यात आले. त्या घरीच असतात, असे यामागील गृहीतक होते. आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडणाऱ्या जॅकलिन ड्रेक यांनी या भेदभावास आव्हान दिले. जून १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि विवाहित स्त्रियांना भत्त्याचा मार्ग मोकळा झाला.

या गृहीतकाचा परिणाम भत्त्यापुरता नव्हता. स्त्री घरी असणारच असे धरले, की ती घरी नसण्याचा प्रसंग धोरणकर्त्यांच्या कल्पनेतच येत नाही. आपत्कालीन व्यवस्थेच्या अभावाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

मोजणी व कायदेशीर मान्यता

१९८५ च्या शासकीय कुटुंब पाहणीत काळजीवाहकांविषयी प्रथमच प्रश्न विचारण्यात आले व त्यांची संख्या सुमारे ६० लाख असल्याचे दिसून आले. २००१ च्या जनगणनेत हा प्रश्न प्रथम समाविष्ट झाला. त्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये ५२ लाख काळजीवाहक होते आणि त्यांपैकी १० लाखांहून अधिक लोक आठवड्यातून ५० वा त्याहून जास्त तास शुश्रूषा करीत होते. अशा घरांत काळजीवाहकाच्या अनुपस्थितीची पोकळी सहजासहजी भरून निघणारी नव्हती.

दरम्यान, खासदार माल्कम विक्स यांच्या खासगी विधेयकातून १९९५ चा कायदा झाला. त्याने काळजीवाहकाच्या गरजांचे मूल्यमापन मागण्याचा हक्क दिला. सेवा मिळण्याचा हक्क दिला नाही. १९९९ च्या राष्ट्रीय धोरणाने इंग्लंडमधील विसावा सेवांसाठी तीन वर्षांकरिता १४ कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले. २००० च्या कायद्याने स्थानिक परिषदांना काळजीवाहकांसाठी थेट सेवा पुरविण्याचे अधिकार दिले, तर २००४ च्या कायद्याने मूल्यमापनात त्यांच्या नोकरी, शिक्षण व विरंगुळ्याचाही विचार करणे बंधनकारक केले.

डिसेंबर १९९९ पासून अवलंबितांवरील संकटप्रसंगी कामावरून वाजवी रजा घेण्याचा हक्कही कर्मचाऱ्यांना मिळाला. परंतु ही तरतूद घरातील व्यक्तीला काही झाले तर काळजीवाहकाने धावून जावे यासाठी होती. काळजीवाहकालाच काही झाले तर कोणी धावून जावे, याचे उत्तर तीत नव्हते.

आपत्कालीन विसावा : योजना आणि कार्यपद्धती

हे उत्तर राष्ट्रीय पातळीवर प्रथम जानेवारी २००६ च्या आरोग्य व सामाजिक सेवाविषयक श्वेतपत्रिकेत आढळते. संकटात सापडलेल्या काळजीवाहकांसाठी प्रत्येक परिषद क्षेत्रात अल्पकालीन, घरपोच विसावा उपलब्ध करण्याचे आश्वासन तीत होते. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यासाठी इंग्लंडमध्ये वार्षिक २.५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर झाली. मेरी वेबस्टर यांच्या पत्रांनंतर ४४ वर्षांनी हे घडले.

काही परिषदा व स्वयंसेवी संस्था अशी सेवा आधीपासून देत होत्या. आता ती अधिक व्यापक झाली. काळजीवाहक आपली नोंदणी करतो. रुग्णाची औषधे, आहार, हालचालींच्या मर्यादा, घराची किल्ली कोठे आहे, कोणत्या नातेवाइकाला प्रथम कळवावे, हा तपशील योजनेत नोंदविला जातो. काळजीवाहकाला खिशात बाळगण्यासाठी एक ओळखपत्र मिळते. त्यावर चोवीस तास चालणाऱ्या सेवेचा दूरध्वनी क्रमांक व नोंदणी क्रमांक असतो. नाव व पत्ता सहसा नसतो, जेणेकरून हरवलेल्या पत्रावरून असहाय व्यक्तीचे घर कोणाला सापडू नये. अपघात झाल्यास पोलीस, डॉक्टर किंवा वाटसरू त्या क्रमांकावर कळवू शकतो. प्रथम नातेवाइकांशी संपर्क साधला जातो. ते येऊ शकत नसतील तर प्रशिक्षित मदतनीस घरी पाठविला जातो. ही मदत बहुधा ४८ ते ७२ तासांपुरती असते. तेवढ्या काळात पुढील व्यवस्था लावावयाची असते.

या व्यवस्थेचा उपयोग संकट न येताही होतो. आपल्यामागे कोणीतरी आहे, या खात्रीने काळजीवाहक निश्चिंतपणे बाहेर पडू शकतो. स्वतःवरील शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलणाऱ्यांच्या दृष्टीने या निश्चिंतीचे मोल मोठे आहे.

निधीचा प्रश्न

योजना झाली, तरी तिचा पाया भक्कम नव्हता. परिषदांकडे येणारा निधी अन्यत्र वळविता येणार नाही अशा रीतीने राखून ठेवलेला नव्हता. २००८ च्या धोरणात नियोजित विसाव्यासाठी आरोग्य यंत्रणेमार्फत १५ कोटी पौंड जाहीर झाले, तर २०१० मध्ये चार वर्षांसाठी ४० कोटी पौंडांची घोषणा झाली. त्यातील मोठा भाग काळजीवाहकांपर्यंत पोहोचत नसल्याची तक्रार स्वयंसेवी संस्थांनी वारंवार केली.

२०१४ च्या केअर कायद्याने इंग्लंडमधील काळजीवाहकास सेवेबाबत रुग्णाच्या बरोबरीचे स्थान दिले. परंतु त्यातील मूल्यमापनाच्या कलमात आपत्कालीन योजनेचा स्वतंत्र उल्लेख नाही. याउलट स्कॉटलंडच्या २०१६ च्या कायद्यानुसार, जो एप्रिल २०१८ मध्ये अमलात आला, काळजीवाहकाच्या साहाय्य योजनेत आपत्कालीन व्यवस्था केली आहे किंवा नाही याची नोंद करावी लागते. २०२० च्या कोविड साथीत दिवसपाळीची केंद्रे बंद पडली. तेव्हा शासनाने काळजीवाहकांना आपत्कालीन योजना लिहून ठेवण्याचा सल्ला दिला. मात्र लिहिलेली योजना अमलात आणणारा माणूस कोठून आणावा, हा प्रश्न अनेक घरांपुढे उभा राहिला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ब्रिटनमध्ये काळजीवाहकाला प्रथम करदाता, नंतर भत्त्याचा लाभार्थी, पुढे स्वतंत्र गरजा असलेली व्यक्ती म्हणून मान्यता मिळाली. तो स्वतः आजारी पडू शकतो, ही बाब शासनाने सर्वांत शेवटी विचारात घेतली. या विलंबाचे कारण केवळ अनास्था नव्हे. भत्ता देताना शुश्रूषेची जबाबदारी कुटुंबाकडेच राहते. आपत्कालीन विसावा देताना मात्र ती काही तासांपुरती का होईना, शासनाला स्वतःकडे घ्यावी लागते. कुटुंब असमर्थ ठरल्यास ही जबाबदारी समाजाची आहे, हे त्यात मान्य करावे लागते.

म्हणूनच काळजीवाहकविषयक कोणत्याही धोरणाची परीक्षा भत्त्याच्या रकमेवरून पूर्ण होत नाही. मध्यरात्री दूरध्वनी केल्यास प्रत्यक्ष माणूस दाराशी येतो काय, हाच तिचा खरा निकष होय. त्यासाठी कायद्यात स्पष्ट उल्लेख, राखीव निधी आणि प्रशिक्षित मनुष्यबळ या तिन्ही गोष्टी एकत्र असणे आवश्यक आहे, हे ब्रिटनच्या अनुभवावरून सिद्ध होते.