संगणकावरील खेळ आणि त्यांचे कुलूप

दुकानातून आणलेले पुस्तक आपले होते. ते आपण धाकट्या भावाला देतो, शाळेच्या ग्रंथालयाला देतो. प्रकाशक बुडाला तरी त्याची पाने कोरी होत नाहीत. संगणकावरील खेळांच्या बाबतीत मात्र हा साधा व्यवहार गेल्या दोन दशकांत पार पालटला आहे. घरोघरची मुले हे खेळ मागतात, म्हणून तो इतिहास आपणही जाणून घेणे अगत्याचे होय.

नकलेची धास्ती प्रकाशकांना प्रथमपासूनच होती, व ती अनाठायीही नव्हती. म्हणून खेळासोबत कुलूप येई. १९९० च्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळाबरोबर पुठ्ठ्याची दोन चक्रे मिळत. ती फिरवून पडद्यावरील चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि खिडकीत दिसणारे साल संगणकाला सांगायचे. मोठी गमतीची युक्ती! चक्र हरवले की पंचाईत होई, हे खरे. परंतु किल्ली खरेदीदाराच्या घरातच असे.

पुढे ती घराबाहेर गेली. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' सुरू केले. नोव्हेंबर २००४ मध्ये तिचा 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा खोक्यातील तबकडी विकत घेणाऱ्यालाही इंटरनेटवर स्टीमचे खाते उघडल्याखेरीज तो खेळता येईना. एकदा खात्याशी बांधलेला खेळ दुसऱ्यास विकताही येईना. जर्मनीत ग्राहक संघटनेने याविरुद्ध दाद मागितली. २०१० साली तेथील संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

त्याच वर्षी फ्रान्सच्या युबिसॉफ्टने आणखी पुढची पायरी गाठली : खेळ चालू असेपर्यंत इंटरनेट हवेच! मार्चमध्ये तिच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि रीतसर पैसे मोजलेले ग्राहक दाराबाहेर राहिले. चोराला अडविण्यासाठी लावलेले कुलूप घरधन्यालाच अडवू लागले, याला काय म्हणावे?

सर्वच दुकानदार या वाटेने गेले नाहीत. २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेले 'जीओजी' कुलपाविनाच खेळ विकते. एकदा उतरवून घेतलेली प्रत ग्राहकाने जपून ठेवावी.

याचे मोल ३१ मार्च २०२४ रोजी कळले. युबिसॉफ्टने २०१४ चा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ चालविणारे सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळावयाचा भागदेखील निकामी झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, की कायमची प्रत देत नसाल तर आपण केवळ परवाना विकतो, असे ग्राहकाला स्पष्ट सांगा. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. विकलेले खेळ असे मारून टाकू नयेत, या मागणीच्या युरोपीय नागरिकांच्या अर्जावरील सह्या जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेल्या.